शिकारीचा हिशेब कसा मांडावा: उष्णकटिबंधीय जंगलातील सस्तन प्राणी आणि वन्यमांस यांच्या अभ्यासाची पद्धत

एखाद्या गावात वर्षभरात तीनशे डुईकर मारले गेले, एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. डुईकर म्हणजे आफ्रिकेच्या जंगलातले हरणासारखे लहान खूरवाले जनावर. ते तीनशे किती चौरस किलोमीटरमधून आले, किती माणसांनी किती रात्री फासे लावून मिळवले, रिकाम्या हाताने किती जण परतले आणि जंगलात मागे किती उरले, हे कळेपर्यंत त्या आकड्याने घाबरायचेही कारण नाही आणि निश्चिंत व्हायचेही नाही. वन्यमांसावरचे बरेचसे अभ्यास इथेच फसतात. मारलेले प्राणी मोजले जातात, पण त्यामागचे श्रम, क्षेत्र आणि काळ नोंदायचे राहून जातात. खाली जे सांगितले आहे ते सगळे हा भाजक नीट मिळवण्यासाठी आहे.

आधी प्रश्न ठरवा, मग साधने

'शिकारीचा प्राण्यांवर परिणाम' हा प्रश्न नाही, तो विषय झाला. मोजता येणारे प्रश्न तीन प्रकारचे असतात. शिकार वाढते तसतसे कोणते प्राणी कमी होतात? सध्या मारले जाणारे प्राणी त्यांच्या जननवेगाच्या आत आहेत का? आणि मांसाचा किती भाग घरात खाल्ला जातो, किती विकला जातो? पहिल्यासाठी जंगलात मोजणी लागते, दुसऱ्यासाठी जंगल आणि गाव दोन्ही, तिसऱ्यासाठी मुख्यतः घरे आणि बाजार. एका वर्षाच्या निधीत तिन्ही करायला गेलात तर तिन्ही अर्धवट राहतील. एक निवडा. दुसरा प्रश्न सर्वांत उपयोगी आणि सर्वांत अवघड, म्हणून या लेखाचा बराच भाग त्याच्याकडे झुकलेला आहे.

प्रजाती निवडताना जननवेग पाहा. आफ्रिकी वनहत्तिणीला पहिले पिल्लू वयाच्या विशीनंतर होते आणि त्यानंतर दोन पिल्लांमध्ये पाच-सहा वर्षांचे अंतर पडते. दक्षिण अमेरिकेतील टापीर तेरा महिने गाभण राहतो आणि एकच पिल्लू देतो. स्पायडर माकडाला साधारण तीन वर्षांनी एक पिल्लू होते. याउलट आफ्रिकेतला केन रॅट हा मोठा उंदीरवर्गीय प्राणी वर्षातून दोनदा वितो आणि दर वेळी अनेक पिल्ले देतो. एकाच फाशांच्या रांगेने या सगळ्यांवर सारखा दाब आला तरी परिणाम सारखा होणार नाही. म्हणून यादीत संथ, मध्यम आणि वेगवान असे तिन्ही गट ठेवा. फक्त दुर्मिळ आणि देखण्या प्राण्यांची यादी केली तर नोंदी इतक्या थोड्या मिळतात की त्यांवर गणितच चालत नाही.

परवानगी कागदाची आणि माणसांची

संशोधन परवाना, संरक्षित क्षेत्राचा प्रवेश आणि संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता यांना बहुधा अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो. माणसांकडून माहिती घेणार असाल तर नीतिसमितीशिवाय एकही प्रश्न विचारू नका. ऊतींचे नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर साइट्स करारातील (धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील) परवाने आणि नागोया प्रोटोकॉलखालील (जैविक संसाधनांच्या वापराबाबतच्या) संमती नमुने घेण्याआधी मिळवा. नमुने हातात आल्यावर परवाना शोधायला निघालेल्यांचे नमुने फ्रीजरमध्येच पडून राहतात.

गावाची संमती त्याहून महत्त्वाची. ती दोन टप्प्यांत घ्या: आधी सगळ्या गावासमोर, मग प्रत्येक शिकाऱ्याकडून एकट्याने. प्रमुखाने हो म्हटले म्हणजे सगळ्यांनी म्हटले असे होत नाही. सभेत चार गोष्टी स्पष्ट सांगा: काय नोंदवणार, नावे कुठे राहणार, माहिती कोणाला मिळणार नाही, आणि मधेच कोणालाही बाहेर पडता येईल. वनरक्षकांच्या गाडीतून गावात उतरू नका आणि त्यांच्या तळावर मुक्काम करू नका. तुम्ही कोणाच्या बाजूचे, हे लोक तुमच्या बोलण्यावरून ठरवत नाहीत, तुम्ही कोणासोबत आलात त्यावरून ठरवतात.

दाबाचा उतार आखा

शिकार झालेला एक भाग आणि न झालेला एक भाग अशी जोडी घेऊन तुलना करू नका. दोन जागांमध्ये शिकारीखेरीज माती, फळझाडे, पाणी, उंची असे शंभर फरक असतात. त्याऐवजी गावापासून दूर जाताना शिकारीचा दाब जसा कमी होत जातो तो उतार घ्या आणि त्यावर बिंदू पसरा. हा उतार किती लांब हवा? २०१७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात १७६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. शिकारीच्या भागांत सस्तन प्राणी सरासरी ८३ टक्क्यांनी कमी आढळले आणि रस्ते-वस्त्यांपासून सुमारे ४० किमीपर्यंत ही घट दिसत होती. पक्ष्यांच्या बाबतीत ते अंतर ७ किमी होते. म्हणजे गावापासून १० किमीवरचा बिंदू 'शिकारमुक्त' म्हणून धरला तर तुमचा तुलनेचा पायाच आधीच झिजलेला असतो.

अंतर सरळ रेषेत मोजू नका. ॲमेझॉनमध्ये माणूस होडीने जातो, म्हणून नदीपासूनचे अंतर महत्त्वाचे ठरते. काँगोच्या खोऱ्यात लाकूडतोडीचे रस्ते सगळे गणित बदलतात. उत्तर काँगोतील लाकूडतोड वसाहतींच्या अभ्यासात सहा वर्षांत लोकसंख्या ६९ टक्क्यांनी आणि वन्यमांसाचा पुरवठा ६४ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. त्यामुळे चालण्याचा, वल्हवण्याचा आणि मोटरसायकलचा वेळ वेगवेगळा धरून 'पोहोचायला लागणारे तास' असा नकाशा करा. त्याच्या जोडीला प्रत्येक बिंदूभोवती शिकारीच्या प्रत्यक्ष खुणा नोंदवा: रिकामी काडतुसे, तारेचे फासे, जुनी शेकोटी, कापलेल्या वाटा. अंतर हा अंदाज आहे, खुणा हा पुरावा आहे. दोन्ही जुळत नसतील तर खुणांवर विश्वास ठेवा. फासे मात्र नीट शोधूनही बरेचसे नजरेतून सुटतात. म्हणून 'फासे सापडले नाहीत' याचा अर्थ 'फासे नाहीत' असा लावू नका, आणि शोधायला किती मिनिटे किती जण फिरले ते लिहा.

कॅमेरा ट्रॅप

जमिनीवरच्या प्राण्यांसाठी आज हेच मुख्य साधन. किमान ४० ते ६० बिंदू आणि प्रत्येकी तीन ते पाच आठवडे, हे प्रमाण बहुतेक जंगलांत चालते. उष्णकटिबंधीय जंगलांवर नजर ठेवणाऱ्या 'टीम' या संशोधन जाळ्याने प्रत्येक ठिकाणी ६० बिंदू, दर दोन चौरस किमीला एक आणि ३० दिवस अशी पद्धत वापरली. ती अजूनही सुरुवातीला चांगली. कॅमेरे कमी असतील तर ते फिरवा. एकाच जागी चार महिने ठेवण्यापेक्षा जास्त जागी एक महिना ठेवणे फायद्याचे.

नकाशावर जाळी टाका, बिंदू संगणकाने निवडा आणि प्रत्यक्षात त्याच्या १०० मीटरच्या आत जागा शोधा. मोठ्या पाऊलवाटेवर कॅमेरा लावला की मांजरवर्गीय प्राणी जास्त येतात, पण ती वाट शिकाऱ्यांचीही असते. शिकारीच्या भागात डुईकर वाट टाळतात, दूरच्या जंगलात टाळत नाहीत. मग तुम्ही घट मोजता की टाळणे मोजता, हे तुम्हालाच कळणार नाही.

कॅमेरा जमिनीपासून ३० ते ४० सेंमी उंचीवर, ज्या जागेवरून प्राणी जाण्याची शक्यता आहे तिच्यापासून दोन ते तीन मीटर दूर बांधा. तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे ऊन थेट भिंगात शिरते. उतारावर कॅमेरा जमिनीच्या पातळीला समांतर झुकवा, नाहीतर त्याला एक तर माती दिसते किंवा आकाश. समोरच्या चार-पाच मीटरमधली पाने आणि वेली कापा, पण तेवढीच. मोकळे मैदान केले तर प्राणी बुजतात. मग कॅमेऱ्यासमोर रांगत जा आणि कुठल्या अंतरापर्यंत दिवा लागतो ते पाहा. दर मीटरला खूण करून ते अंतर लिहून ठेवा. दाट झुडपांत टप्पा कमी होतो, आणि शिकारीचा भाग अनेकदा जुनी शेते आणि दाट झुडपांचाच असतो. हे अंतर नोंदले नाही तर झाडोऱ्याचा परिणाम शिकारीच्या नावावर जमा होतो.

बिघाड ठराविक असतात. सर्वांत जास्त नुकसान घड्याळामुळे होते: बॅटरी बदलली की काही मॉडेलांत तारीख मागे जाते आणि महिनाभराचे फोटो चुकीच्या वर्षात पडतात. यावर सोपा उपाय आहे. लावताना आणि काढताना पाटीवर बिंदूचा क्रमांक, तारीख आणि हातातल्या घड्याळाची वेळ लिहून कॅमेऱ्यासमोर धरा. त्या दोन फोटोंवरून सगळे दुरुस्त करता येते. दमटपणामुळे भिंगावर बाष्प धरते. आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि रबरी कडेवर मातीचा कण राहू देऊ नका. मुंग्या आणि वाळवी पट्ट्यामागे घर करतात. हत्ती कॅमेरे उपटतात, तिथे लोखंडी पेटी लागते. ऊन लागणारे मोठे पान वाऱ्याने हलले की संवेदक त्याला प्राणी समजतो आणि दोन दिवसांत कार्ड भरते. भर दुपारी जमीन प्राण्याच्या अंगाइतकी तापली की उलट घडते: समोरून प्राणी गेला तरी संवेदकाला फरक कळत नाही. लिथियम बॅटऱ्या महाग असल्या तरी शेवटपर्यंत एकसारखा दाब देतात. अल्कलाइन बॅटऱ्यांवर रात्रीचे फोटो आधी काळवंडतात आणि निशाचर प्राणी गायब झाल्याचा भास होतो.

अवरक्त प्रकाशातले फोटो कृष्णधवल येतात. लाल रंगाच्या डुईकरांच्या अनेक प्रजाती रात्रीच्या फोटोत वेगळ्या ओळखताच येत नाहीत. ओळख पटत नसेल तर 'लाल डुईकर गट' असे लिहा. अंदाजाने प्रजाती लिहिली की ती पुढे कायमची खरी होऊन बसते. लेंड्यांबाबतही हेच: डीएनए तपासणीत अनुभवी माणसांनीही डुईकरांच्या लेंड्या चुकीच्या ओळखल्याचे दिसले आहे.

कॅमेऱ्यात माणसे येणारच, आणि त्यांतले काही बंदूक घेऊन येणार. त्या फोटोंचे काय करणार, हे कॅमेरे लावण्याआधी ठरवा आणि गावाला सांगा. माणूस दिसला एवढीच नोंद तारखेसह ठेवून मूळ फोटो पुसून टाकणे ही सुरक्षित पद्धत आहे. मेगाडिटेक्टरसारखी फोटो तपासणारी संगणक प्रणाली माणसांचे फोटो आपोआप वेगळे काढते, त्यामुळे चेहरे कोणी पाहण्याचीही गरज फारशी उरत नाही. एकदा तरी तुमचा फोटो कोणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला की कॅमेरे चोरीला जातील, मुलाखती खोट्या मिळतील, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या संशोधकालाही गावात कोणी उभे करणार नाही.

फोटोंचे गणित: एकाच प्रजातीचे फोटो एकाच बिंदूवर ३० किंवा ६० मिनिटांच्या आत आले तर ती एकच नोंद धरा. 'शंभर कॅमेरादिवसांमागे नोंदी' हा आकडा सोपा, पण तो प्राण्यांची संख्या सांगत नाही. जास्त फिरणारा प्राणी जास्त वेळा टिपला जातो. व्याप्ती मॉडेल (प्रजाती किती बिंदूंवर आहे याचा अंदाज देणारे) वापरले तर नजरेतून सुटण्याची शक्यता वेगळी काढता येते. घनताच हवी असेल तर यादृच्छिक भेट मॉडेल (प्राणी कॅमेऱ्यासमोर किती वेळा येतो त्यावरून) किंवा कॅमेऱ्यातून अंतरमापन (प्राणी किती दूर दिसतो त्यावरून) करा. पहिल्यासाठी प्राण्याचा दिवसाचा प्रवास आणि कॅमेऱ्याचा टप्पा लागतो, दुसऱ्यासाठी प्रत्येक फोटोतले अंतर.

चालत मोजणी

झाडांवर राहणारी माकडे जमिनीवरच्या कॅमेऱ्यात क्वचितच येतात. त्यांच्यासाठी सरळ रेषेवर चालत मोजणी करावी लागते. वेग ताशी एक ते दीड किमी, वेळ पहाटेपासून सकाळच्या अकरापर्यंत, पावसात थांबा. प्राणी दिसला की रेषेपासूनचे काटकोनी अंतर टेपने किंवा लेझरने मोजा, कळप असेल तर मध्यापासून. एका प्रजातीच्या ६० ते ८० नोंदी झाल्याशिवाय अंतरमापनाचा आलेख भरवशाचा होत नाही.

इथला मुख्य धोका वर्तनाचा आहे. बंदुकीची सवय झालेली माकडे हाका मारणे बंद करतात आणि माणूस दिसला की स्थिर बसतात. जमिनीवरचे प्राणीही माणसाच्या त्रासाने जास्त निशाचर होतात. २०१८ मध्ये ६२ प्रजातींच्या माहितीवरून हे दिसून आले. म्हणून फक्त दिवसा चालून मोजले तर शिकारीच्या भागातली घट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. शक्य तिथे एकाच भागात दोन्ही पद्धती चालवा.

गावातली नोंदवही

जंगलाच्या मोजणीला लोक शास्त्र मानतात आणि गावातल्या वहीला कारकुनी. माझ्या मते अभ्यास टिकतो की कोसळतो, हे वहीवर ठरते.

नोंदीचे एकक प्राणी नव्हे, फेरी. प्रत्येक फेरीसाठी निघाल्याची आणि परतल्याची वेळ, हत्यार, किती काडतुसे नेली आणि किती उडवली, किती फासे किती रात्री होते आणि शेवटचे कधी तपासले, कुठल्या ओढ्याकडे गेले, हे लिहायचे. मग मिळालेल्या प्रत्येक जनावराची प्रजाती, लिंग, पिल्लू की प्रौढ, वजन, आणि ते घरी खाल्ले, वाटले की विकले. वजन अख्ख्याचे की आतडी काढून, ताजे की धुरवलेले, हे लिहिले नसेल तर वजनाला अर्थ नाही. धुरवल्यावर मांस निम्म्याहूनही हलके होऊ शकते. दोन स्प्रिंगकाटे ठेवा, एक १० किलोपर्यंतचा आणि एक ५० किलोचा. मोठ्या काट्यावर चार किलोचा निळा डुईकर तोलला तर काट्याची चूकच जनावराच्या वजनाच्या मोठ्या हिश्शाएवढी होते.

रिकामी फेरी न चुकता लिहा. मांस आणले की लोक आपण होऊन सांगतात, काही न मिळता परतलेला माणूस गुपचूप घरी जातो. त्या फेऱ्या गळाल्या की दर तासाला मिळणारे मांस फुगते आणि जंगल भरलेले वाटते. यासाठी महिन्यातले काही दिवस आधीच चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्या दिवशी गावातल्या प्रत्येक शिकाऱ्याला 'आज गेलात का' एवढे तरी विचारा.

वही लिहिणारा गावातलाच असावा आणि त्याला महिन्याचा ठरावीक मोबदला द्या. नोंदलेल्या प्राण्यामागे पैसे कधीही देऊ नका. त्याने एक तर खोटे प्राणी वाढतात किंवा खरे जास्त मरतात. तसेच नमुन्यासाठी मांस विकत घेऊ नका. मटारच्या दाण्याएवढा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये प्रजाती ओळखायला पुरतो, आणि तो विचारला तर मिळतो. पेरूमधल्या ॲमेझॉनच्या काही भागांत शिकारी स्वतः कवट्या आणि मादीचे जननेंद्रिय संशोधकांसाठी जपून ठेवतात. त्यावरून वय आणि एका वेळची पिल्ले कळतात. हा जननदर त्या जंगलाचा स्वतःचा असतो, पुस्तकातला उसना नव्हे.

वर्षभर नोंदी हव्यात. पावसात माती मऊ असते, पाऊलखुणा दिसतात, म्हणून फासे वाढतात. मासे भरपूर मिळतात त्या दिवसांत शिकार घटते. घरात रोख पैशाची गरज आली की बंदुका बाहेर निघतात. तीन महिन्यांना चारने गुणून काढलेले वर्ष कधीच खरे नसते.

आणखी एक सापळा खुद्द आकड्यांचाच आहे. जवळचे प्राणी संपले की शिकारी लांब जातात आणि दर फेरीचे मांस तेवढेच राहते. कागदावर सगळे स्थिर, जंगलात खड्डा रुंदावतोय. म्हणून जागेची नोंद अत्यावश्यक. शिकाऱ्यांसोबत बसून ओढे, टेकड्या, जुन्या छावण्या यांची त्यांच्या तोंडची नावे घालून नकाशा काढा. जीपीएस बांधायला सगळे तयार नसतात, पण ओढ्याचे नाव बहुतेक जण सांगतात. दर महिन्याचे सरासरी अंतर वाढत असेल तर दर तासाचे मांस स्थिर असूनही काळजी करा.

फाशांचे नुकसान वेगळे मोजा. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील अभ्यासात फाशात अडकलेल्यांपैकी साधारण चौथा भाग कुजल्याने किंवा दुसऱ्या प्राण्यांनी खाल्ल्याने हाती आलाच नव्हता. गावात आलेले मांस म्हणजे मारलेले प्राणी असे धरले तर हा भाग निसटतो.

जे उघड विचारता येत नाही

संरक्षित प्राणी मारला का, असे थेट विचारले की उत्तर 'नाही' येते. यासाठी फाशाची पद्धत आहे, खेळातल्या फाशाची. उत्तर देणारा डबीत फासा हलवून एकटाच पाहतो. १ आला तर खरे काहीही असो, 'हो' म्हणायचे. ६ आला तर 'नाही'. २ ते ५ आला तर खरे उत्तर द्यायचे. कोणाचे 'हो' खरे, हे तुम्हाला कधीच कळत नाही, पण समूहाचे प्रमाण कळते.

उदाहरण म्हणून २०० जणांपैकी ६० जणांनी 'हो' म्हटले असे धरा, म्हणजे ०.३०. त्यातून फाशाने भाग पाडलेले 'हो', म्हणजे एक षष्ठांश, ०.१६७ वजा करा. उरलेल्या ०.१३३ ला खरे बोलण्याच्या शक्यतेने, म्हणजे ०.६६७ ने भागा. उत्तर ०.२०: वीस टक्के. अनिश्चितता मात्र मोठी: ९५ टक्के विश्वासाची पट्टी साधारण १० ते ३० टक्के. थेट प्रश्नाला वीस टक्के 'हो' मिळाले असते तर ती पट्टी १४ ते २६ असती. गुप्ततेची ही किंमत आहे, म्हणून शंभराहून कमी लोकांवर ही पद्धत वाया जाते.

ती फसते एका ठिकाणी: १ आला तरी काही जण 'हो' म्हणायला धजत नाहीत, कारण न केलेल्या गुन्ह्याची कबुली त्यांना नकोशी वाटते. मग उत्तर शून्याच्या खालीही जाऊ शकते. आधी निरुपद्रवी प्रश्नावर दोन-तीनदा सराव घ्या आणि फासा हलवून तुम्ही स्वतः उत्तर देऊन दाखवा.

फासा आवडत नसेल तर यादी वापरा. लोकांचे चिठ्ठीने दोन गट करा. एका गटाला चार साध्या कृतींची यादी द्या, दुसऱ्याला त्याच चार अधिक संवेदनशील पाचवी. कुठल्या कृती केल्या ते सांगायचे नाही, फक्त किती ते सांगायचे. सरासरी १.९ आणि २.१ आली तर फरक ०.२, म्हणजे वीस टक्के. साध्या कृती अशा निवडा की कोणी चारही करत नसेल. पाचही केल्या म्हणणाऱ्याचे गुपित उघड होते. या पद्धतीला शेकडो उत्तरे लागतात.

बाजार

बाजारातली गणना स्वस्त आणि फसवी. तिथे दिसते ते फक्त विकायला आलेले. घानातल्या ताकोराडीच्या बाजाराच्या अभ्यासात असे दिसले की संथ जननाच्या प्रजाती आधीच संपून गेल्यामुळे उरलेल्या वेगवान प्रजातींवर व्यापार टिकून होता. स्थिर बाजार हा जुन्या नुकसानाचाही परिणाम असू शकतो. तिथे एक गोष्ट मात्र नक्की पाहा: खूरवाल्या प्राण्यांच्या तुलनेत उंदीरवर्गीयांचे प्रमाण. ते वर्षागणिक वाढत असेल तर मोठे प्राणी मागे हटत आहेत.

मर्यादा किती

१९९१ मध्ये रॉबिन्सन आणि रेडफर्ड यांनी दिलेले सूत्र अजून वापरले जाते. जंगलाच्या वहनक्षमतेच्या (जंगल जास्तीत जास्त जितके प्राणी पोसू शकते त्या संख्येच्या) ६० टक्के संख्येवर कमाल वाढ धरायची आणि तिचा ६०, ४० किंवा २० टक्के भाग काढता येईल असे मानायचे. प्राणी जितका दीर्घायुषी तितका वाटा कमी. हे सूत्र फक्त एका बाजूने बोलते. शिकार त्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ती नक्की परवडणारी नाही. कमी असेल तर परवडते, असे त्यातून सिद्ध होत नाही. अनेक अहवालांत नेमका हाच उलटा निष्कर्ष काढलेला असतो.

अनिश्चितता गणितात घ्यायची असेल तर अमेरिकेत समुद्री सस्तन प्राण्यांसाठी वापरले जाणारे सूत्र चांगले. संख्येचा सावध, खालचा अंदाज घ्या, कमाल वाढीच्या निम्म्याने गुणा, आणि ०.१ ते १ मधल्या सावधगिरीच्या गुणकाने पुन्हा गुणा. समजा, २०० चौरस किमीमध्ये डुईकरांची सरासरी घनता चौरस किमीला १० आणि खालचा अंदाज ८ आला. कमाल वाढ वर्षाला ०.४ आणि सावधगिरीचा गुणक ०.५ धरा. सावध हिशेब: १६०० गुणिले ०.२ गुणिले ०.५, म्हणजे वर्षाला १६०. आता गावात २४० आले आणि फाशातला चौथा भाग वाया गेला असे धरले तर प्रत्यक्षात मेले ३२०, मर्यादेच्या दुप्पट. हाच हिशेब सरासरी घनता घेऊन, सावधगिरीचा गुणक सोडून आणि वाया गेलेले विसरून केला तर मर्यादा ४०० आणि शिकार २४०, म्हणजे सगळे उत्तम. माहिती तीच, निकाल उलटे. अहवालात दोन्ही हिशेब आणि त्यांतली गृहीतके उघड लिहा.

क्षेत्राबाबतही सावध राहा. पेरूच्या मनू राष्ट्रीय उद्यानात धनुष्यबाणाने होणारी शिकार दीर्घकाळ टिकू शकते, याचे एक कारण म्हणजे भोवती निर्मनुष्य जंगल अफाट आहे आणि तिथून प्राणी येत राहतात. तुमच्या नकाशावर असा साठा आहे का, हे न पाहता फक्त शिकारीच्या पट्ट्यावरून निकाल देऊ नका.

पोषणाचा हिशेबही त्याच अहवालात हवा. मादागास्करमधील २०११ च्या अभ्यासाने दाखवले की वन्यमांस मिळेनासे झाले तर रक्तक्षय असलेल्या मुलांचे प्रमाण २९ टक्क्यांनी वाढू शकते. बंदी सुचवणाऱ्या अहवालात त्या घरांना प्रथिने कुठून मिळणार, हे नसेल तर तो अर्धाच अहवाल आहे.

मेलेली जनावरे, आणि काम संपल्यावर

जंगलात आपोआप मेलेले माकड, वानर किंवा डुईकर आढळले तर हात लावू नका, कातडी किंवा हाड उचलू नका. मध्य आफ्रिकेत इबोलाचे काही उद्रेक अशाच प्रेतांपासून माणसांत शिरले आहेत. दुरून फोटो, जागा, वेळ, आणि ताबडतोब पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवणे, एवढेच करा. वही लिहिणाऱ्यालाही हे पहिल्याच दिवशी शिकवा आणि वजनकाट्याबरोबर हातमोजे द्या.

निकाल गावात आधी दाखवा, छापायला नंतर द्या. कागदापेक्षा त्यांच्याच ओढ्यांच्या नावांचा नकाशा आणि महिन्यांचे साधे आलेख चालतात. चूक असेल तर शिकारी तिथेच सांगतात, आणि ती दुरुस्ती बहुधा योग्य असते. प्रसिद्ध करताना शिकाऱ्यांची नावे, छावण्या आणि दुर्मिळ प्राण्यांच्या नेमक्या जागा काढून टाका. गावाच्या नावाऐवजी संकेत द्या आणि अक्षांश-रेखांश किमान १० किमीच्या चौकोनापर्यंत ढोबळ करा. नावे आणि संकेत यांची जोडणारी यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा, आणि नीतिसमितीने दिलेली मुदत संपली की ती नष्ट करा.